मापासाठी काढलेली बाई

शिवरात्र जवळ आली की बेळगावच्या स्टँडवर निपाणीची गाडी ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. दार उघडलं की आधी वास उतरतो, मग माणसं. तंबाखूचा तो कोरडा, तिखट, किंचित गोडसर वास. लोक नाकाला पदर लावतात, शिंकतात, कंडक्टर हसतो. परवा मी शिकवते ती शाळा सुटल्यावर टिळकवाडीहून स्टँडवर गेले होते. गाडीतून एक बाई उतरली, लुगड्याच्या निऱ्यांत पिवळी भुकटी बसलेली. उतरताच ती खांबाला धरून खोकली. मला तो खोकला ओळखीचा. मी माझी बस सोडून दिली आणि उगाच उभी राहिले.

हा हंगाम मला आवडत नाही. या वासानं गाव आठवतं, बालपण आठवतं असं म्हणणारी माणसं मला भेटतात. त्यांच्या घरातलं कुणी वखारीत बसलेलं नसतं.

माझी आई बसली होती. वखार म्हणजे तंबाखूचं गोदाम. शेतात वाळलेला, कुटलेला पाला तिथं येतो आणि बायका तो सुपानं पाखडतात, चाळतात, काड्या वेगळ्या करतात, चुरा वेगळा करतात. उरते ती भुकटी. तिच्यासाठी वेगळं पोतं लागत नाही, ती बायकांच्या छातीत जाते. आई संध्याकाळी घरी आली की दारातच पदर झटकायची आणि आम्ही दोघं भावंडं आत पळायचो. तिला आम्ही बराच वेळ जवळ येऊ देत नसू. तिचीच तशी सक्त ताकीद होती.

वखारीत बसायच्या जागा ठरलेल्या असत. हंगामाच्या पहिल्या दिवशी नारळ फुटला की प्रत्येक बाई आपलं सूप जमिनीवर टेकवायची. सूप टेकलं की वर्षभराची जागा झाली. ते कुठं टेकायचं हे मात्र कुणी विचारत नसे. दारालगत, उजेडात आणि वाऱ्यात, मुकादमीण शांताक्का. तिच्या शेजारी तिच्या नात्यागोत्यातल्या. मग इतर. आणि सगळ्यात मागं, कोपऱ्यात, जिथं दाराचा वारा पोचायच्या आत मरून जाई तिथं, आमच्या बौद्धवाड्यातल्या बायका. आईच्या सासूची जागा त्या कोपऱ्यात होती. ती गेल्यावर आईला मिळाली. आमच्या घराण्यात वारसाहक्कानं आलेली जागा म्हणाल तर ती एवढीच.

माझा थोरला भाऊ, यशवंत, आमचा अण्णा, पुण्याला जाऊन आर्किटेक्ट होऊन आला तो सत्तरच्या दशकात. एका हातात रेघा मारायचा लांब टी-स्क्वेअर, खांद्यावर नकाशांची नळकांडी. निपाणीत आर्किटेक्ट म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं, सगळे त्याला इंजिनेर म्हणत. बाजाराच्या मागं एक खोली घेऊन त्यानं पाटी लावली. खोलीत नकाशांच्या प्रतींचा, अमोनियाचा वास भरलेला असे. मला तो फार आवडायचा. आमच्या घरात आलेला, तंबाखूचा नसलेला तो पहिला वास होता.

लोक यायचे, बघून जायचे. एका गुरुजींनी घराचा नकाशा करून घेतला. दोनदा चहा प्यायले, जिना आवडला, खिडक्या आवडल्या. मग नकाशाची गुंडाळी काखेत मारून मऊ आवाजात म्हणाले, "देवघराचं तेवढं आमच्या मिस्त्रीला इच्यारून घेतो." देवघराबरोबर सगळं घरच मिस्त्रीकडं गेलं. ते घर आजही उभं आहे, जिना अण्णाचा, खिडक्या अण्णाच्या. वास्तुशांतीचं बोलावणं आमच्याकडं आलं नाही. त्या गल्लीतून अण्णानं पुन्हा कधी सायकल नेली नाही.

अशात एका दिवाळीनंतर आप्पासाहेबांनी त्याला बोलावलं. आप्पासाहेब म्हणजे आई जिथं बसायची त्या वखारीचे मालक. जुनी वखार लहान पडत होती, नवी बांधायची होती. आप्पासाहेब कधी ओरडले नाहीत. ओरडणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही, त्याचं सगळं एका दमात बाहेर पडतं. आप्पासाहेब हळू बोलायचे, समोरच्याला खुर्ची द्यायचे, स्वतः पान जुळवत बसायचे. आमच्या अण्णालाही त्यांनी खुर्ची दिली. त्या खुर्चीचं कौतुक आमच्या घरात आठवडाभर चाललं होतं.

अण्णानं मग काढलेला तो नकाशा मला अजून डोळे मिटून दिसतो. इमारत उभी कापली तर आत काय दिसेल, असा नकाशा असतो. त्यात दोन्ही भिंतींना ओळीनं खिडक्या होत्या, आणि त्या नेहमीसारख्या उंच नव्हत्या. जमिनीपासून हातभर उंचीवर, खाली बसलेल्या बाईच्या तोंडासमोर. छपराच्या कण्यावर भुकटी बाहेर जायला फट. निळ्या पेन्सिलीनं वाऱ्याचे बाण काढलेले, खालून आत येणारे आणि वरून बाहेर जाणारे. आणि एका खिडकीखाली, मांडी घालून, हातात सूप धरलेली एक बाई.

आईनं नकाशा दिव्याजवळ धरला. बाणबिण तिला काही कळलं नाही. तिचं बोट बाईवर थांबलं.

"ही कोण रं?"

"तू."

आई लाजली. मग नाक जवळ नेऊन बघत म्हणाली, "आन् चमकी कुठं हाय नाकात? चमकीबिगार मी कशी?"

"आई, येवढ्या बारक्या मापात चमकी दिसत न्हाई."

"मग मोठी काढायची," आई म्हणाली, आणि आम्ही तिघं हसलो.

त्या हिवाळ्यात आईचा खोकला वाढला होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं छाती तपासून सांगितलं होतं, हवेशीर जागी बसत जा. सांगणारा भला माणूस होता, पण हवेशीर जागी शांताक्का बसलेली आहे हे त्याला कोण सांगणार? अण्णानं ते मनावर घेतलं होतं. एका बाईला वारा द्यायचा तर तिला पुढं आणून बसवावं लागतं, आणि ते निपाणीत कुणाच्या बापाला जमलं नसतं. म्हणून त्यानं जागा हलवल्याच नाहीत. त्यानं सगळ्या जागांना खिडकी दिली. मागचा कोपरा आणि दारालगतची जागा यांत कागदावर काही फरकच उरला नव्हता. आर्किटेक्ट म्हणजे काय, हे मला पाठ्यपुस्तकातून कळलं नाही, तिथं कळलं. माणूस कुठं बसेल आणि बसल्यावर त्याच्या तोंडावर काय येईल, एवढंच तो विचारत असतो.

आप्पासाहेबांनी नकाशा पास केला. "झकास," म्हणाले. पाया भरला, भिंती वर येऊ लागल्या. बायका कामावर जाता-येता नव्या बांधकामात डोकवायच्या. खिडक्यांसाठी सोडलेल्या मोकळ्या चौकटीसमोर आमच्या वाड्यातल्या बायका फतकल मारून बसून बघायच्या, आणि एकमेकींना सांगायच्या, "ही माजी, ती तुजी." आईनं आपल्या कोपऱ्यातली चौकट बघितली तेव्हा बांधकामावरचा वारा इतका जोरात होता की तिचा पदर उडाला. तिनं तो लगेच धरला नाही. मला तो क्षण आठवतो आणि मग पुढचं सगळं आठवतं. म्हणून तो शक्यतो मी आठवत नाही.

भिंती छातीभर झाल्या तेव्हा एके दिवशी आप्पासाहेब आले. हातातली काठी एकेका चौकटीला लावत भिंतभर फिरले. "ह्या बुजवा."

अण्णाला वाटलं, मस्करी. "मालक, नकाशा तुमीच पास केलासा की."

"केला की. कागदावर झ्याक दिसत हुता."

"चोरीचं म्हणत असशीला तर जाळी मारू. पाला उडत आसंल तर आतनं फळी लावू."

आप्पासाहेब पान चघळत राहिले. मग हळूच म्हणाले, "चोरीचं न्हवं रं. खिडकी आसली की बाई भायेर बघती. बाई भायेर बघाय लागली की सूप थांबतंय."

अण्णा काहीतरी डॉक्टरचं, छातीचं बोलू लागला. आप्पासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांची ती सवय होती, ऐकून पूर्ण घेत. मग म्हणाले, "तू पुण्याला जाऊन खिडक्या काढाय शिकलास. खिडक्या मला नगोत. पर ही गवंडी, ही बिगारी माणसं तुज्या शब्दावर हालत्यात. हे तुला कुणी शिकिवल्यालं न्हाई, आन् मला तेच पायजे. नकाशा झाला आता. हंगामाच्या आत वखार हुबी करून दे, म्हैन्याला पगार घे. म्यानेजर म्हणून ऱ्हा." आणि जाता जाता, गाडीत बसताना, "आन् हे बघ, तुज्या आईच्या कोपऱ्यातली एक ऱ्हाऊ दे. म्यानेजरची आई हाय, मान नगो व्हय?"

कामावरून काढलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. हाकललेला माणूस निदान शिव्या तरी देऊ शकतो. आप्पासाहेबांनी त्याला आभार मानायला लावले.

घरी अण्णा जेवला नाही. मी बोलायला कमी केलं नाही, माझी जीभ तेव्हाही अशीच होती. "सगळ्यांची खिडकी काढलीस, आन् आता आपली तेवढी घेतोस व्हय?" आई मला गप्प करत म्हणाली, "एक तर एक. न्हाई म्हणून ती बी घालवू नगंस, यशवंता." तिची छाती तेव्हा बोलता बोलता वाजायची. तो आवाज ऐकल्यावर अण्णा नाही म्हणणार नव्हता. आप्पासाहेबांना हे माहीत असणार. माणसाच्या घरात कोण खोकतं हे त्यांना बरोबर माहीत असे.

दुसऱ्या दिवसापासून चौकटी बुजायला लागल्या. ज्या गवंड्यांनी त्या सोडल्या होत्या त्यांनीच विटा भरल्या. आमच्या वाड्यातल्या बायका डोकवायच्या थांबल्या. आई नळावर गेली की बोलणं बंद पडायचं. "म्यानेजरीणबाई, पुढं व्हा," असं एकीनं हसत म्हटलं आणि खरोखरच घागर बाजूला घेतली. आईनं त्या दिवशी नंबर सोडला आणि रिकामी घागर घेऊन परत आली.

आणि अण्णा? अण्णा त्या कामात हुशार निघाला, हेच तर वाईट झालं. सिमेंटचा तुटवडा असताना त्यानं सिमेंट आणलं. पत्रे कोल्हापूरहून, लोखंड बेळगावहून. सकाळी गळ्यात शिट्टी, डोक्याला टॉवेल, हातात काठी. आधी "दादा, जरा हे बघता का," म्हणणारा माणूस "ए, उरक" म्हणायला लागला. टी-स्क्वेअर दाराच्या मागं उभा होता, त्यावर आई ओली चुंबळ वाळत घालायची. माणूस कुठं बसेल हे तो विचारायचा थांबला होता. कधी उरकेल एवढंच विचारत होता. आणि ते लवकर उरकत होतं.

शेतातून पहिला माल यायच्या आत वखार उभी राहिली. जुन्या वखारीला मोठं उघडं दार होतं, इथं लोखंडी शटर. काम सुरू झालं की ते खाली ओढायचं, बायकांनी बाजूच्या चिंचोळ्या दारातून एकेक करून आत जायचं, बाहेर येताना झडती द्यायची. आत उजेडाला काचेचे पत्रे, आणि वाऱ्याला अख्ख्या इमारतीत एक खिडकी. मागच्या कोपऱ्यात.

पूजेच्या दिवशी मीही गेले होते. नारळ फुटला. आप्पासाहेबांनी अण्णाला टॉवेल, टोपी, नारळ दिला, पाठीवर थाप मारली. मग बायका सुपं घेऊन आत निघाल्या, ठरल्या क्रमानं, शांताक्का पुढं. आईनं नवीन सूप घेतलं होतं, त्याला शेणानं सारवून हळदीकुंकू लावलेलं. ती आमच्या बायकांबरोबर सगळ्यात शेवटी आत गेली आणि सरळ मागच्या कोपऱ्याकडं चालू लागली, तिच्या सासूपासून चालत आलेल्या जागेकडं.

शांताक्का दाराशी थांबली होती. तिनं शटरकडं बघितलं, मग लांबवर त्या एका खिडकीकडं. मग आईच्या पाठीमागून चालत तिला गाठलं.

"कुठं गं?"

"मागं, माज्या जाग्याला."

"हे मागं न्हाई," शांताक्का म्हणाली. "आता हे पुढं झालं."

आणि तिनं खिडकीखाली आपलं सूप टेकलं. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. शांताक्काच्या शेजारी तिच्या नात्यातल्या बसल्या, मग इतर. सगळी रांग उलटी झाली आणि तंतोतंत तशीच राहिली. आमच्या बायका वळल्या आणि शटरपाशी येऊन बसल्या, जिथं गाड्यांतला माल ओतला जायचा आणि भुकटीचा लोट उठायचा. आईनं तिथं सूप टेकलं. माणसानं शटर ओढलं, तो आवाज माझ्या कानात अजून आहे.

अण्णानं सगळं बघितलं होतं. डोक्यावर ती नवी टोपी तशीच. तो आप्पासाहेबांकडं गेला. "मालक, ती खिडकी आईसाठी ठेवलती."

"ठेवली की रं, कुणी काढली?" आप्पासाहेब म्हणाले. "आता बायकांच्या भांडणात आपुन पडायचं न्हाई. जागा त्यांच्या त्या ठरीवत्यात."

आमचा अण्णा त्याच मातीतला, त्याच कोपऱ्यातल्या बाईच्या पोटचा. भिंतीचं, वाऱ्याचं, बजेटचं सगळं गणित त्यानं केलं होतं. आईची जागा जमिनीवर आखलेली आहे असं त्यानं धरलं, तिथंच तो चुकला. ती वाऱ्यावर आखलेली होती. वारा जिथं नाही ती आमची जागा, मग ती इमारतीच्या कोणत्याही टोकाला असो. त्यानं वारा कोपऱ्यात आणला आणि आपल्या हातानं आईला तिथून उठवलं.

त्या हंगामात आईनं शटरच्या सावलीत पाखडलं, पुढच्याही हंगामात पाखडलं. अण्णा मात्र निपाणीत राहिला नाही. वेळेत वखार उभी करणारा माणूस म्हणून त्याचं नाव झालं होतं. बेळगावला उद्यमबागेत कारखाने उभे राहत होते, फाउंड्र्यांच्या शेड उठत होत्या, तिथं त्याला हात जोडून बोलावलं. "नकाशेवाले पायलीचे पन्नास मिळतात, उरकून देणारा मिळत नाही," असं तो स्वतःच नंतर सांगायचा आणि हसायचा. आधी सुपरवायझर, मग साइट इंजिनिअर, मग केबिनच्या दारावर पितळी अक्षरांत प्रोजेक्ट मॅनेजर. मोटरसायकल आली, टिळकवाडीत घर आलं. नकाशे आता दुसरे काढतात, पोरं असतात पुण्या-मुंबईची, गोरीगोमटी. ती खिडक्या काढतात आणि अण्णा लाल पेन्सिलीनं त्या छाटतो. एका पोरानं वाद घातला तेव्हा मी तिथं होते. अण्णानं त्याला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, आणि मग हळू आवाजात म्हणाला, "कागदावर छान दिसतं." मी भावाकडं बघत राहिले. त्यानं पान तेवढं जुळवलं नव्हतं.

आईचा दम पुढं इतका वाढला की वखार सुटली. मी तेव्हा बेळगावला नोकरीत होते, तिथल्या डॉक्टरला दाखवायला तिला घेऊन आले, तेव्हा शिमगा जवळ आला होता. पुढचा शिमगा तिनं बघितला नाही. डॉक्टरकडून निघताना म्हणाली, "यशवंताचं हापिस एकदा बघू दे मला."

केबिनला मोठी खिडकी होती. खिडकीशी त्याची फिरती खुर्ची. अण्णानं आईला हाताला धरून त्याच खुर्चीत बसवलं. "बस हितं, वारं घे," म्हणाला, आणि खरं सांगते, तेवढ्यापुरता तो जुना अण्णा होता. पाठीमागच्या भिंतीवर तो नकाशा फ्रेम करून लावलेला, सगळ्या खिडक्यांसकट, निळ्या बाणांसकट. आलेल्या माणसांवर त्याची छाप पडत असावी. आईनं वळून तो बघितला आणि मला डोळ्यांनी खुणावलं.

तेवढ्यात दार न वाजवता कारखान्याचे मालक आत आले. अण्णानं आईकडं बघितलं. त्यानं तोंड उघडायच्या आत ती उठली होती. इतका दम लागत असूनही इतक्या चटकन कशी उठली कोण जाणे. फायलींच्या कपाटापाशी, कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. मालक तिच्या खुर्चीत बसले. आम्ही कोण हे त्यांनी विचारलं नाही, अण्णानं सांगितलं नाही. बोलता बोलता मालकांची नजर भिंतीवर गेली.

"छान आहे हो हे. ही कोण, सूपवाली?"

"कुणी नाही, सर," अण्णा म्हणाला. "मापासाठी काढतात. शेजारी माणूस असला की भिंतीची उंची कळते."

मालक 'असं होय' म्हणाले आणि कामाचं बोलू लागले. आम्ही दोघी बाहेर आलो. आई भिंतीला हात टेकत चालत होती. मी अण्णाच्या नावानं वाटेल ते बोलले, तिथल्या तिथं, रस्त्यावर. स्टँडवर आलो. निपाणीची गाडी रिकामी होती, मी तिला खिडकीशी बसवलं. खाली उतरून खिडकीपाशी उभी राहिले तर ती बाहेर बघत होती. कुणाकडं म्हणून नाही, नुसतीच. गाडी सुरू झाली तेव्हा वाकून म्हणाली,

"सुमे, उगं त्याला बोलू नगंस. ती मी न्हवंच गं. तिच्या नाकात चमकी कुठं हुती?"